बिनफवारणीची वांगी

गच्चीवर.

गाठ सैल मारायची, म्हणजे अप्पांनी कात्री लावली की दोरा आपोआप गळून पडतो. तिला हे आता जमायला लागलं होतं. रंगाच्या जुन्या डब्यात वांग्याचं झाड तरारलेलं, पण फूल आलं की गळायचं. फळाचा पत्ता नाही. तिनं पिशवीतून बाजारातलं वांगं काढलं, हिरव्या दोऱ्यानं फांदीला बांधलं आणि जरा मागे सरून पाहिलं. झाडाचंच वाटत होतं.

अप्पा म्हणजे तिचे सासरे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आणि आता मोतीबिंदूमुळे किती वाजले ते दुसऱ्याला विचारायचा. सासूबाई गेल्यापासून ते ताट पुढे सारायचे. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. डॉक्टर म्हणाले, काहीही करा, पण यांना खायला घाला.

अप्पा खायचे ते फक्त गच्चीवरचं. विकतच्या भाजीला औषधाचा वास मारतो म्हणायचे.

म्हणून हा दोरा.

खाली.

"वडलांना गंडवतेयस तू," नवरा कुजबुजला.

"जेवतायत ना? मग झालं. गच्चीवरचं आहे एवढं वाटलं की पोट भरतं त्यांचं."

"वाटण्यावर पोट भरतं, तर तूही तेच खा."

"मी? हे स्टेशनजवळच्या बाजारातलं आहे, बाबा. तेल लावल्यासारखं चमकतं. या दिवसांत नको." तिचा हात पोटावर गेला.

अप्पांनी पहिल्यांदा वांगी खाली आणली तेव्हा तिच्याच पुढ्यात ठेवली होती. "सूनबाई, तू खा आधी. दोन जिवांची आहेस."

तिची पंचाईत झाली. तोंडात आलं ते बोलून गेली, "नको, अप्पा. टाकीखालचं ते. कबुतरं नाचतात तिथं दिवसभर."

अप्पांचा चेहरा पडला. "मग तू खातेस तरी काय?"

"कोपऱ्यावरच्या मावशींकडचं. बिनफवारणीचं असतं."

"विकतचं चालतं, घरचं नाही," अप्पा म्हणाले. पुन्हा कधी आग्रह केला नाही.

गच्चीवर.

फांद्या मोकळ्या होत्या. तिनं काल बांधलेली पाचही वांगी गेली होती आणि अप्पांनी सकाळी खाली आणली होती दोन.

असं पहिल्यांदाच झालं नव्हतं. तीन गेली कुठं?

वरच्या मजल्यावरची शेजारीण कपडे वाळत घालत होती. ढग बघायला ती दिवसातून इतक्यांदा वर यायची, की सगळी बिल्डिंग तिला 'हवामान खातं' म्हणायची.

"तुम्ही इथं कुणाला बघितलंत का हो? कुंड्यांपाशी?"

"तुमच्या सासऱ्यांना. झाडांशी बोलत असतात." हवामान खात्यानं टॉवेल झटकला. "आणि माझ्याकडे अशा बघू नका. वांगं खाल्लं की माझ्या ओठांना खाज सुटते."

"छे, छे, तुमच्यावर कशाला..."

"कबुतरं असतील."

"कबुतरं देठासकट नेत नाहीत."

"मग शिकलेली असतील."

खाली.

ती अप्पांनाच विचारू शकली असती. पण विचारणार काय? मी बांधलेली पाच, तुम्ही आणलीत दोन?

अप्पा फिरून आले. काठी दाराआड, पिशवी खुंटीला. ऊन असो नसो, छत्रीची पिशवी खांद्याला हवीच. जेवताना त्यांनी आपलं वांगं चाटूनपुसून संपवलं. पट्ट्याची जुनी भोकं परत वापरात आली होती. मग ते तिच्या ताटाकडे वळले.

"कशी झालीय तुझी भाजी?"

रोज हाच प्रश्न. आणि उत्तराची वाट बघत बसायचे, परीक्षेचा निकाल असल्यासारखे.

"अप्पा, खरं सांगू? चवीतच कळतं. औषध न मारलेलं ते औषध न मारलेलंच."

"कळतं ना?" अप्पा खूश झाले. "कळतंच."

नवऱ्याला ठसका लागला. तिनं टेबलाखालून त्याला लाथ मारली.

गच्चीवर.

चोर पकडायचाच, असं तिनं ठरवलं. त्या दुपारी बांधण्याआधी प्रत्येक वांग्याची टोपी जराशी उचलली आणि अंगठ्याचं नख आत रोवलं. खूण टोपीखाली झाकली गेली. आता कुणाच्याही स्वयंपाकघरात, कुणाच्याही टोपलीत दिसलं, तरी आपलं वांगं आपण ओळखू.

हवामान खात्यानं लांबूनच विचारलं, "काय करताय?"

"कीड बघतेय."

"सापडली?"

"सापडेल."

कोपऱ्यावर.

सकाळी मावशी तिची वाटच बघत होत्या. लोकांसाठीच्या टोपल्या पुढे, तिची टोपली आत, ओल्या फडक्याखाली.

"इतका उशीर? दोघींनी मागितली वांगी. नाही दिली."

"का बरं?"

"पिकवणारा लहरी आहे हो. सांगून ठेवलंय, तुम्हाला सोडून कुणाला द्यायची नाहीत. तुम्ही म्हणालात ना, चव वेगळी लागते? तेही कळवलं. काय हसला म्हणून सांगू!"

तीही हसली. गिऱ्हाईक बांधून ठेवायची कला मावशींकडून शिकावी. "राहतो कुठं हा तुमचा पिकवणारा?"

"जवळच. म्हणून तर ताजी. आजच पहाटे तोडलीयत, अजून देठ ओले आहेत."

मावशींनी फडकं बाजूला केलं. तीन वांगी होती, चांगली चमकदार. तिनं एक उचललं आणि कालच्या सवयीनं टोपीखाली बोट घातलं.

तिथं एक बारीक चंद्रकोर होती, तपकिरी पडलेली. तिनं आपल्या अंगठ्याचं नख त्यावर टेकवून पाहिलं. बरोबर बसलं.