क्रेनची खूण

भिलाईहून सकाळच्या गाडीने डोंगरगडला आलो. प्रज्ञागिरीच्या टेकडीवर बुद्धाला वंदन करून वळले, तर आमचे हे गायब! खाली तळं, कौलारू घरं, देखणं गाव. पण हाक मारून उपयोग नव्हता. स्टील मिलमध्ये क्रेन चालवून त्यांचे कान अधू झालेले. मुलीने त्यांचा फोन लावला, तो माझ्याच पिशवीत वाजला. “आई, कुठी शोधाचं बाबाले?” तेवढ्यात पायऱ्यांच्या तळाशी त्यांची निळी टोपी दिसली. ते वरच बघत होते, पण गर्दीत आम्ही त्यांना दिसत नव्हतो. मी हात उंचावून बोट गोल फिरवलं. क्रेनवाल्याला खालून ही खूण झाली की माल वर घ्यायचा. घरी जेवायलाही असंच बोलावते. टोपी पायऱ्या चढू लागली. धापा टाकत आले, हातात शेंगांचा पुडा. “कोणता माल उचलाचा होता?” “तुमीच!” मी म्हणाले. तेव्हा कुठे माझा हात खाली आला.