चार तांबे पाणी

“आधी सांग, तिथं कोणी गडीमाणूस हाय का?”

फोनमधून लेकीचा आवाज आला, “न्हाई, माय. तिघी बायाच हेत. पण जल्दी कर.”

“मंग ठीक.” साळूबाईनं पदर खोचला आणि भर दुपारी परसातल्या बाजेवर लुगड्यासकट आंघोळीला बसली. व्हिडिओ कॉल लावलेला फोन शेजारच्या मीनानं दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडं परदेशातल्या तीन बाया डोळे फाडून बघत होत्या.

साळूबाईची लेक आकांक्षा म्हणजे जाफराबादजवळच्या या गावातून परदेशी शिकायला गेलेली पहिली पोरगी. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर ती बियाण्यांचा अभ्यास करत होती. चारी बाजूंनी समुद्र, पण गोडं पाणी नाही आणि तीन वर्षं पाऊस नाही. म्हणून होस्टेलवाल्यांनी नियम केला, आंघोळीला माणशी दिवसाला पन्नास लिटर. प्रत्येक खोलीतल्या न्हाणीच्या नळाला वेगळं मीटर बसवलं. पन्नासात भागत नाही म्हणून बाकीच्या पोरींनी बोंब ठोकली होती. आणि आकांक्षाचं मीटर रोज नऊच दाखवत होतं.

रेक्टरबाईंनी मीटर उघडून बघितलं. ते ठणठणीत होतं. मग त्या खोलीत शिरल्या, तर पलंगाखाली टब आणि टबात पाणी. झालं, चोर सापडला! ही पोरगी दुसऱ्यांच्या नळाचं पाणी भरून आणते आणि त्यावर न्हाते. आकांक्षानं परोपरीनं सांगितलं, बाई, मी टबात बसूनच आंघोळ करते, हे तेच खाली साचलेलं पाणी आहे, कपडे भिजवायला ठेवलंय. पण ऐकतंय कोण! “नऊ लिटरमध्ये माणसाची आंघोळ होत नाही,” रेक्टरबाईंनी सांगून टाकलं. पाणी चोरलं तर खोली रिकामी करायची, असा नियम होता. खोली गेली की शिष्यवृत्तीही जाणार होती. म्हणजे ज्या पोरीला निरोप द्यायला सगळं गाव एसटीपर्यंत आलं होतं, ती आता चोरीचा ठपका घेऊन परतणार होती.

तिनं रडत रडत आईला फोन केला, इतक्या कमी पाण्यात आंघोळ होत नाही म्हणून मला चोर ठरवलं, एवढंच सांगितलं; मीटरचा आकडा सांगायचा राहूनच गेला. ते ऐकून साळूबाईचं डोकं फिरलं.

“माझ्या पोरीला चोर म्हण्ती? बोलव त्या बाईला फोनवर. मी दाखवते आंघोळ कशी होती ती.”

तर अशी ती बाजेवर बसली. बाजेखाली तिनं घमेलं सरकवलं. टँकर येऊन तीन दिवस झाले होते, पुढचा कधी येईल याचा पत्ता नव्हता. समोरच्या बादलीत लिटरभराच्या तांब्यानं मोजून चार तांबे पाणी होतं.

“सांग तिला,” साळूबाई म्हणाली, “हा पैला. खांद्यावरून, बारीक धारेनं. बदाबद ओतायचं न्हाई.”

आकांक्षा इंग्रजीत सांगत गेली. पाणी पाठीवरून उतरलं आणि बाजेच्या सुंभातून खाली घमेल्यात टपटपलं. साळूबाईनं अंगाला डाळीचं पीठ चोळलं. “साबण बिलकुल न्हाई. साबणाचं पाणी झाडाला चालत न्हाई.” दुसरा तांब्या हातापायांना गेला. तिसऱ्यानं पीठ उतरलं. चौथा तिनं डोक्यावरून घेतला, सावकाश, डोळे मिटून. तो एक तांब्या ती कुणाच्या बापासाठीही घाईनं घेत नसे.

मग ती ओल्या लुगड्यानिशी उठली. भरत आलेलं घमेलं उचलून तिनं फोनसमोर धरलं, आणि तसंच नेऊन लिंबोणीच्या आळ्यात ओतलं. सगळं शिवार करपलं होतं, पण तिची लिंबोणी हिरवीगार होती आणि लिंबांनी वाकली होती.

“इचार तिला,” साळूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “यात चोरी कुठं हाय?”

रेक्टरबाईंनी घमेलं बघितलं होतं आणि त्यांना पलंगाखालचा टब आठवला होता. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तिथल्या तिथं, सोबतच्या दोन्ही बायांच्या देखत, आकांक्षाची माफी मागितली. खोली तिचीच राहणार होती. एवढंच नाही, उद्यापासून प्रत्येक खोलीत एक टब जाणार होता आणि त्यात बसून न्हायचं कसं, हे आकांक्षा सगळ्या होस्टेलला शिकवणार होती.

“अगं बाई!” मीनानं फोनसकट उडीच मारली. साळूबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिला इतका आनंद झाला होता, की ओलं लुगडं बदलायचंही भान राहिलं नाही.

तेवढ्यात रेक्टरबाई हसत हसत आणखी काहीतरी म्हणाल्या. आकांक्षानं मात्र ते आईला सांगितलं नाही.

“काय म्हणून राह्यली गं ती?”

“काही न्हाई, माय.”

“बराबर सांग.”

आकांक्षा चाचरली. “म्हणती, तुमच्या पोरीचं लई कौतुक वाटतं. तिला दिवसाला फक्त नऊ लिटर पाणी लागतं.”

साळूबाईनं हातातल्या तांब्याकडं बघितलं. बोटांवर मोजलं. तिचं हसू मावळलं आणि ती मटकन बाजेवर बसली.

“नऊ तांबे? एकटीला? आगं, एवढं पाणी मला माझ्या हळदीच्या दिवशीबी मिळालं न्हाई!”