भिंतीला लागून गिरणी

"ही गिरणी हितनं हलवायची," सुभेदार लालासाहेब म्हणाले आणि केरबाच्या ओट्यावर न विचारता बसले.

केरबाने हातातला पाना खाली ठेवला. शेजारी राहून इतकी वर्षं झाली, पण सुभेदार तक्रार घेऊन कधी आले नव्हते. आले असते, तरी आधी चहा घेतला असता.

"आवं, परवा तर बसवली. पट्टा पण नवाकोरा हाय."

"तुझ्या-माझ्यात एकच भिंत. आमच्या घरात रात्रीची झोप आधीच न्हाई. दुपारी जरा डोळा लागायचा, तेवढ्यात तुझं दळण सुरू होतं."

"झोप कुणाला न्हाई?"

सुभेदारांनी मिशीला हात लावला. "गेल्या महिन्यात सांगलीला जाऊन आलो. मोठ्या डॉक्टरकडं. साईराज होता संगं. तपासून म्हणाले, ऑटिझम."

केरबाचा आवाज एकदम खाली आला. हे पोरांमध्ये असतं, एवढं त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. "तुमचा नातू? आपला साईराज? चोवीस वर्सांचा बाप्या झाला. इतके दिवस कळलं कसं न्हाई?"

सुभेदार खाकरले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "कळायला वेळ लागतो."

"तरी म्हनलं, सातारा सोडून सांगलीला का गेला. साताऱ्यात वळखीचे लय."

"व्हय," सुभेदार म्हणाले.

गावाला पुरावे गोळा करायला फार दिवस लागले नाहीत. सुभेदारांच्या घरी कुकरची शिट्टी वाजत नव्हती. सुभेदारांची बायको राहीबाई डाळ पातेल्यात शिजवायची. स्वयंपाकघरातली ट्यूब काढून पिवळा बल्ब लावला होता. दोरीवर वाळणाऱ्या सदऱ्यांच्या कॉलरमागच्या चिठ्ठ्या कापलेल्या होत्या. आणि ऐन उन्हाळ्यात चार लुगड्यांची जाडजूड वाकळ रोज बाहेर उन्हात पडायची, म्हणजे ती कुणीतरी अंगावर घेत होतं.

केरबाची बायको बयाबाई विचारायला गेलीच. "आजार लय जड हाय का, वैनी?"

"आजार न्हाई बाई. डॉक्टर म्हणाले, जन्मापासनंची घडणच तशी. आपल्याला गुणगुण वाटती, तिकडं हातोडा बसतो. अंगावर वजन आसलं, की मग जरा जीव थाऱ्यावर येतो."

बयाबाई पदराने डोळे टिपत परतली. येताना त्यांच्या दारातल्या लिंबाची फांदी दातवणाला तोडून घ्यायची राहून गेली, एवढंच तिचं नुकसान.

साईराज लोणंदच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. शिफ्टवरून यायचा तेव्हा डोळे लाल असायचे. कानात वायरी असायच्या. गाव त्याच्याशी आता हळू आणि सावकाश बोलू लागलं. एकाने तर त्याला रस्ता ओलांडून दिला. साईराजने त्याचे आभार मानले. त्याने कुणाचंच काही खोडून काढलं नाही.

सुभेदारांबद्दल मात्र गावाला हळहळ वाटली. तोफेशेजारी झोपलेला माणूस, आणि नातवासाठी गिरणीवाल्याच्या पाया पडायची वेळ यावी. खरं तर सुभेदारांची नोकरी नकाशांच्या खोलीत गेली होती. पण तोफांचा विषय निघाला की ते मिशीला हात लावत आणि गप्प बसत. बाकीची गोष्ट गावच भरून काढी.

केरबा कनवाळू होता, पण गिरणीही त्याचीच होती. मागच्या गोठ्यात नेली, तर शेणाच्या चिखलातून दळण घेऊन कोण येणार?

"सुभेदार, मी काय दगड न्हाई," तो म्हणाला. "पर खातरी करणार. ऐतवारी तुमी समदी माझ्याकडं जेवा. जेवल्यावर सोप्यात बाजा टाकतो आन गिरणी चालू करतो. डॉक्टरानं ज्याला तपासलं, त्याला झोप लागली, तर गिरणी हितंच. न्हाई लागली, तर गोठ्यात."

"परत बोल."

"काय?"

"जसं बोललास तसंच परत बोल. शब्द बदलू नको."

लष्करी खोड म्हणून केरबाने ते पुन्हा जसंच्या तसं म्हणून दाखवलं. सुभेदारांनी मान हलवली. "ठरलं."

रविवारी बयाबाईने पुरणपोळी केली. सुभेदारांनी आमटी वेगळ्या वाटीत आणि भात वेगळ्या ताटलीत मागितला. केरबा हसला, "मिल्ट्रीची शिस्त, गड्या."

सोप्यात दोन बाजा होत्या. एकीवर साईराज, दुसरीवर सोबतीला सुभेदार. राहीबाईने घरून आणलेली वाकळ मधल्या खुर्चीवर ठेवली आणि ती बयाबाईबरोबर आत गेली. केरबाने बटण दाबलं. पट्टा फडफडला, जोंधळा उडू लागला, खिडकीचे गज थरथरले.

पहिली पायली पुरी व्हायच्या आत साईराज घोरत होता. तोंड उघडं, एक पाय बाजेखाली.

केरबाने बयाबाईला खुणेने बोलावून दाखवलं. दोघं ओठ दाबून हसली. सुभेदार तेवढे उठून बसले होते. टॉवेल डोक्याभोवती घट्ट गुंडाळून, दोन्ही हात त्यावर दाबून, भिंतीकडे तोंड करून. हरल्याची लाज वाटली असणार. केरबाला वाईट वाटलं, पण शब्द तो शब्द. दोन पायल्या दळून होईपर्यंत त्याने वाट पाहिली आणि बटण बंद केलं.

आवाज थांबला, तसा साईराज जागा झाला.

"सुभेदार, आता मला बोल लावू नगा," केरबा म्हणाला. "पोरगं घोरत हुतं. बयाबाई साक्षीला हाय. गिरणी हितंच."

सुभेदार भिंतीकडेच तोंड करून होते. त्यांचे हात अजून कानांवरच होते.

"सांगलीचा त्यो डॉक्टर खोटं बोलला, असं म्हनायचं का मग?"

साईराजने आळस दिला, खुर्चीवरची वाकळ उचलली आणि आजोबांच्या खांद्यांवर नीट दाबून पांघरली.

"डॉक्टर खरंच बोललेत, केरबातात्या. मी नुसता गाडी चालवाय गेल्तो."