पेन्सिलीचे डोहाळे

"डोहाळे कसले लागलेत गं?" ओटी भरताना मामींनी विचारलं. फुलांचे दागिने घातलेल्या शर्वरीनं ओटीतला नारळ सावरला.

मागच्या महिन्यापर्यंत ती पाटीवरची पेन्सिल चोरून कुरतडायची. डोळे मिटले की गेलेली आई दिसायची, शाळेच्या पायरीवर मुलांच्या पाट्या पुसताना, बोटं पांढरी झालेली. तिनं सासूबाईंसमोरच डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. "आई-बिई काही नाही, रक्त कमी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लोहाच्या गोळ्यांनी गालांवर रंग आला. पेन्सिलीची ओढ मात्र जाग आल्यावर स्वप्न विरावं तशी विरली, आणि तिच्याबरोबर आईही.

"आता कसलेच नाहीत," ती म्हणाली.

पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या समोर आल्या. सासूबाईंनी एक तिच्या हाताशी सरकवली. आत पेढा नव्हता, बर्फीही नव्हती. पाटीवरची पेन्सिल होती.

बायका हसल्या. सासूबाई तिच्या कानाशी वाकल्या. "गोळ्या चुकवायच्या नाहीत. ही खायचीही नाही. नुसती हातात धर."

शर्वरीनं पेन्सिल मुठीत धरून डोळे मिटले. बराच वेळ काहीच दिसेना. मग आधी पांढरी बोटं आली.