माश्यांच्या वाट्याची साखर

"थंडीत फुलं कुठली? मधमाश्या उपाशी मरतील," असं म्हणत आमच्या ह्यांनी डब्यातली साखर पाकासाठी पातेल्यात ओतली. डॉक्टरांनी साखर बंद केली होती ती ह्यांची, माश्यांची नव्हे.

रोज ऊन कललं की हे पाकाची वाटी घेऊन परसातल्या मधपेटीकडे जायचे आणि शीळ घालत परत यायचे. इकडे ह्यांची रक्तातली साखर काही उतरेना.

"तुम्ही चाखत तर नाही ना?" मी विचारलं.

"मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढू? तुझी शप्पथ!"

आज मात्र हे पळतच घरात आले. वरचा ओठ बटाटेवड्याएवढा सुजलेला. भरघोस मिशीत पाकाचे थेंब चकाकत होते आणि आणखी एक माशी त्यात अडकून भुणभुणत होती.

"उगाच चावली गं!" हे बोबडं बोलले.

मी चिमट्यानं काटा काढला, ओठावर बर्फ धरायला दिला आणि उरलेला सगळा पाक पेटीत ठेवून आले. या घरात माझ्या बाजूनं आहेत त्या एवढ्याच. त्यांना उपाशी ठेवून कसं चालेल?