मुख्याध्यापकांच्या करकरत्या वहाणा

"सातपुते, आमच्या वहाणांची करकर परत द्या!" मुख्याध्यापकांनी कोल्हापुरी जोड कारागिरापुढे ठेविला.

बाभळीच्या सालीत कमावलेले ते कातडे वर्षभर इतके करकरत असे, की सरांची चाहूल लागताच सारी शाळा कामास जुंपली जाई. आपल्या शिस्तीचा सरांना केवढा अभिमान! परंतु परवा शिपायाने भक्तिभावाने वहाणांना एरंडेल चोळले आणि आवाज निमाला. सर निःशब्द पावलांनी शाळेत शिरले, तर एक गुरुजी घोरत होते, दुसरे पत्ते पिसत होते.

"मग बरंच झालं की, सर! आता कामचुकार आयते गावतील," सातपुते हसला.

"छे हो! आवाज होता तेव्हा शाळेत एकही कामचुकार नव्हता," सर कळवळले. "उद्या तपासणीला साहेब यायचेत. दुप्पट करकर घाला!"