कंदील कुणासाठी

"ज्या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यातच नाही, तो प्रश्न काढणारा चोर आहे. वर एसीत बसून आमच्या वर्षाशी जुगार खेळणारा चोर."

मुग्धा हे एवढ्या जोरात म्हणाली की झाशीच्या इलाइट चौराह्यावरच्या त्या टपरीचा चहावालासुद्धा गाळणी हातात धरून थांबला. तिला पर्वा नव्हती. कॉलेज प्रवेशाची परीक्षा देऊन ती, नचिकेत आणि अमोघ आत्ताच बाहेर पडले होते. कॉम्प्युटरवरचा पेपर, त्यामुळे हातात कागदाचा कपटाही नाही. जे काही होतं ते डोक्यात, आणि डोकी तापलेली.

त्या केंद्रावर भाषेचा पेपर मराठीतून देणारी ही तीनच टाळकी. बाकी सगळे हिंदीवाले. "घरची भाषा आहे, मार्क फुकट पडतील," असं तिघांच्याही बापांनी ठरवलं होतं. बापांचं काय जातं? 'जेवायला चल' कळणं वेगळं आणि पानभर मराठी वाचणं वेगळं.

नचिकेतची जागा गेल्या वर्षी थोडक्यात हुकली होती. वडील रेल्वेत, त्यांनी निकाल आधीच लावून ठेवला होता. यंदा जमलं नाही तर समथरला काकांच्या औषधांच्या दुकानात बसायचं, तिसरी संधी नाही.

उतारा एका नावाड्याचा होता. नदीवर पूल होतो, नावेत कुणी बसेनासं होतं. तरी म्हातारा रोज संध्याकाळी काठावर जाऊन कंदील पेटवतो. प्रश्न असा की कंदील कुणासाठी?

"मी 'कुणासाठीच नाही, सवयीने' केलं," मुग्धा म्हणाली. "तू?"

"मुलासाठी," नचिकेत म्हणाला. "मुलगा शहरात गेलाय ना."

"आणि हे गूंगे महाराज?"

अमोघ कचोरी चावत होता. "पुलाला घाबरणाऱ्या म्हातारीसाठी."

"म्हातारी? उताऱ्यात म्हातारी आली कुठून यार?"

"ऑप्शनमध्ये होती."

"ऑप्शनमध्ये कोळी पण होते."

"असू देत. म्हातारीच बरोबर आहे."

नचिकेतने कप खाली ठेवला. सकाळपासून मोबाइलवर पेपर फुटल्याची कुजबुज चालली होती. आणि हा अमोघ, शिकवणीत सगळ्यात कच्चा, अक्षर जुळवत जुळवत वाचणारा, आज सगळ्यांच्या आधी बाहेर येऊन कचोरी खात उभा होता.

"एवढं पक्कं कसं रे तुला?"

"आमची आजी. बेतवा नदीचा पूल आला की ट्रेनमध्ये डोळे मिटून रामरक्षा म्हणते. नाव मिळाली असती तर नावेनेच गेली असती. बस."

उत्तर फारच तयार होतं. नचिकेतने ते मनात बाजूला काढून ठेवलं. पेपर फुटला हे सिद्ध झालं तर परीक्षा रद्द, आणि वडील पुन्हा बसू देणार नाहीत. गप्प राहिलं तर चोराला सीट आणि आपल्याला समथर.

तेवढ्यात स्नेहलताबाईंची स्कूटी समोर येऊन थांबली. झाशीतल्या मराठी घरांतली पोरं त्यांच्याच ओसरीवर मराठी शिकायची. मुग्धा रस्त्यातच त्यांच्या पाया पडली.

"बाई, वल्हं आलं होतं पेपरात. सुकाणू पण."

गेल्याच आठवड्यात बाईंनी हे शब्द घोटून घेतले होते. झाशीच्या पोरांना वल्हं कुठून ठाऊक असणार?

"येणारच," बाई हसल्या. "मेहनत कुणाची? भैया, एक चाय इधर भी."

"बाई, पेपर फुटलाय म्हणतात," नचिकेत म्हणाला.

"फुटलाच असेल. वरपासून खालपर्यंत विकले गेलेत मेले. आपल्यासारख्यांनी घासून मरायचं." बाईंनी आवाज खाली आणला. "का रे? कुणावर संशय आहे तुझा?"

नचिकेतने अमोघकडे पाहिलं. बाईंनीही तिकडे पाहिलं.

"काय केलं याने?"

"म्हातारीवर टिक केलंय. आणि पक्कं म्हणतो."

"कमाल आहे. मग मी याच्यावर डोळे वटारू काय? ज्याचं बरोबर आलं तो चोर होय?" बाईंनी चहात बिस्किट बुडवलं. "पलीकडच्या काठावरून म्हातारी हाक मारते आणि हा नाव सोडतो. शेवटच्या दोन ओळी वाचायचा तुम्हालाच कंटाळा, आणि खापर या गरिबावर."

मुग्धाचं तोंड एवढंसं झालं. "मी वाचल्याच नाहीत की. घाईत सुटल्या."

हिंदी शाळेतली पोरं ही. मराठी वाचताना काही अडलं की चूक आपलीच, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. नचिकेतलाही क्षणभर तसंच वाटलं. गेला मार्क. औषधांचा वास नाकात शिरला.

पण तो बोट ठेवून वाचायचा. प्रत्येक ओळीखालून बोट सरकवत, तोंडातल्या तोंडात. त्यावरून आत ओरडाही खाल्ला होता, "स्क्रीन मत छुओ भैया." तरी बोट शेवटपर्यंत गेलं होतं. 'त्याने कंदील पेटवला.' पूर्णविराम. खाली नुसती पांढरी जागा.

त्याने अमोघकडे पाहिलं. अमोघचं चावणं थांबलं होतं.

"म्हातारीने हाक मारली?" अमोघ हळूच म्हणाला. "कधी?"

बाईंनी बिस्किट वर काढलं. अर्धं कपातच राहिलं.

"बाई," नचिकेत म्हणाला, "आमचा उतारा कंदील पेटवल्यावर संपला होता. पुढचं तुम्ही कुठे वाचलंत?"